बॅकअपकाका

बॅकअपकाकांना "कसे आहात?" असं विचारलं, तर ते स्वतःच्या तब्येतीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. "सी थोडी भरलीय. बाकी डी, ई, एफ ठणठणीत," असं म्हणतात आणि दुधाची पिशवी सांभाळत जिना चढायला लागतात. ज्याला कळलं त्याला कळलं. ज्याला नाही कळलं त्याने आपल्या घरात कॉम्प्युटर असल्याचं काकांच्या कानावर जाऊ देऊ नये. नाहीतर रविवारी सकाळी बेल वाजते. दारात स्लीपर घातलेली एक व्यक्ती उभी असते, शर्टाच्या खिशात दोन पेनड्राइव्ह, त्यांतल्या एकाला लाल दोरा. आणि प्रश्न येतो, "शेवटचा बॅकअप कधी घेतलात?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. "घेतलाच नाही" म्हटलं, तर काका आत येऊन खुर्चीत बसतात. "कालच घेतला" म्हटलं, तर "रिस्टोर करून पाहिलात का?" असं विचारत खुर्चीत बसतात. बसणं काही टळत नाही.

काका आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत बी विंगला राहतात, पण हा नमुना फक्त आमच्याच नशिबी आलाय असं नाही. तो ठाण्यात असतो, कोथरूडला असतो, नाशिकच्या कॉलेज रोडला असतो आणि न्यू जर्सीत गणपतीच्या जेवणाच्या रांगेतही भेटतो. ओळखायला सोपा. नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली की सगळे विचारतात, "यात नवीन काय आहे?" हा एकटा विचारतो, "यात जुनं काय चालणार नाही?" वाईट एवढंच, की याचाच प्रश्न बरोबर असतो.

या वेडाचं मूळ बँकेत आहे. काका एका सहकारी बँकेत कारकून म्हणून लागले आणि अधिकारी होऊन निवृत्त झाले. शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा जुन्याजाणत्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि वयाने लहान म्हणून ते धूड काकांच्या गळ्यात पडलं. रोज संध्याकाळी डे-एंड झाला की दिवसभराच्या व्यवहारांचा बॅकअप टेपवर घ्यायचा. ती टेप शाखेत ठेवायची नाही, दुसऱ्या शाखेत नेऊन द्यायची. आग लागली तर कॉम्प्युटर आणि टेप दोन्ही एकदम जाऊ नयेत, हा त्यामागचा हिशेब. टेप जायची काकांच्या डब्याच्या पिशवीतून. वर रिकामा डबा, खाली रुमालात गुंडाळलेले शाखेचे समस्त खातेदार. संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये काकांनी एका हाताने कडी धरली आणि दुसऱ्या हाताने ती पिशवी छातीशी. खिशातलं पाकीट दोनदा मारलं गेलं. टेप एकदाही गेली नाही. निरोपसमारंभात बँकेने शाल दिली, श्रीफळ दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं. सवय तेवढी परत मागून घ्यायची राहिली.

मध्यंतरी त्यांना कुठूनसं कळलं, की २०११पासून ३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळतात. एक एप्रिलला मूर्ख ठरण्याच्या आदल्या दिवशी लोकांनी शहाणं व्हावं, ही कल्पना. ज्याने ती काढली त्याने बँकेतला मार्च एंड पाहिलेला नसणार. काका मात्र हरखून गेले. आता दरवर्षी त्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर 'टाकी साफसफाई, पाणी बंद' आणि 'थकबाकीदारांची यादी' यांच्या मधोमध काकांच्या वळणदार अक्षरात तीन ओळी येतात: 'तीन प्रती ठेवा. दोन वेगवेगळ्या माध्यमांवर ठेवा. एक प्रत घराबाहेर ठेवा.' खालच्या मजल्यावरच्या आजींना ही नोटीस रेशन कार्डाबद्दल आहे असं वाटलं आणि त्यांनी तीन झेरॉक्स काढून आणल्या. काकांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं. सगळ्या इमारतीत नियम पाळणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या.

काकांच्या बेडरूममध्ये एक लोखंडी कपाट आहे. वरच्या दोन कप्प्यांत काकूंच्या साड्या आणि खालच्या तीन कप्प्यांत विंडोजचा इतिहास. डांबराच्या गोळ्या पाचही कप्प्यांत. फ्लॉपींचा डबा, पट्ट्यासारख्या रुंद आयडीई केबलींची भेंडोळी, रबर लावून ठेवलेले पॉवर अडॅप्टर आणि चेनवाल्या काळ्या पाउचमध्ये सीड्या. प्रत्येक सीडीवर मार्करने मजकूर: 'घोस्ट – बूट होते.' 'पार्टिशन मॅजिक ८ – व्हिस्टावर लावू नये', त्याखाली तीन रेघा. 'हिरेन्स – मूळ.' 'हिरेन्स – मुळाची कॉपी.' 'हिरेन्स – चरे पडलेली, टाकू नये.'

हिरेन्स बूट सीडी ही त्या काळातल्या प्रत्येक असेंब्लरच्या झोळीत असायची. कॉम्प्युटर सुरूच होत नसला तरी या सीडीवरून सुरू करता यायचा. मग पार्टिशन पाडा, जोडा, डिस्कची हुबेहूब प्रत काढा, विसरलेला पासवर्ड उडवा, काय वाट्टेल ते करा. तिच्यात कोणकोणत्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं होती आणि त्यांचे पैसे कोणी भरले होते, हे विचारायची लॅमिंग्टन रोडला पद्धत नव्हती. काका बँकेतले असल्यामुळे त्यांना हे मनातून खायचं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी डिस्कची प्रत काढणारं नॉर्टन घोस्ट रीतसर विकत घेतलं. पावती अजून आहे. पावतीची झेरॉक्स आहे. स्कॅनही आहे, एफ ड्राइव्हमध्ये.

घोस्ट हा काकांचा हळवा कोपरा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला मरे हॅझर्ड नावाच्या माणसाने ते १९९५च्या सुमारास लिहिलं, १९९८मध्ये सिमँटेकने विकत घेतलं आणि ३० एप्रिल २०१३ला नॉर्टन घोस्ट कायमचं बंद केलं. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती म्हणून बँकेत कोणाला काही कळलं नाही. काकू सांगतात की त्या रात्री काकांनी भाकरीला हात लावला नाही. काका म्हणतात, अ‍ॅसिडिटी होती.

आता त्यांच्या पार्टिशनांबद्दल. सामान्य माणसाच्या डिस्कवर सी असते, फार तर डी. काकांच्या डिस्कवर आयपर्यंत अक्षरं गेलेली आहेत. सीमध्ये फक्त विंडोज, दुसऱ्या कुणालाही मज्जाव. डीमध्ये सॉफ्टवेअरचे सेटअप, ईमध्ये कागदपत्रं, एफमध्ये स्कॅन, जीमध्ये फोटो, एचमध्ये भीमसेन, वसंतराव आणि कुमार. आयमध्ये काय आहे ते काकूंनाही माहीत नाही. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य पार्टिशनं चारच पाडता येतात. जास्त हवी असतील तर एका मोठ्या पार्टिशनचं 'एक्स्टेंडेड' करायचं आणि त्याच्या पोटात हवी तितकी 'लॉजिकल' पाडायची. काकांनी पाडली. पुढे हेच त्यांच्या अंगाशी आलं, पण ते नंतर.

एवढी पार्टिशनं कशाला, असं विचारलं की म्हणतात, "विंडोज बसलं तर फक्त सी फॉरमॅट मारायची. बाकी घर जागच्या जागी." हे खरं आहे. पण "काका, मी डीमध्ये सगळ्याची कॉपी ठेवलीय, म्हणजे बॅकअप झालाच ना?" असं त्यांना कधी विचारू नये. ते चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा लावतात. "डिस्क किती आहेत?" "एकच." "ती गेली, तर सी जाईल की डी?" उत्तर देईपर्यंत ते तुमच्याकडे बघत राहतात. एकाच डिस्कवरच्या दुसऱ्या पार्टिशनला बॅकअप म्हणणाऱ्याला त्यांच्या घरी चहा मिळत नाही. कोकम सरबतावर बोळवण होते.

अडचण अशी, की सी कितीही मोठी केली तरी भरते. नवं विंडोज आलं की त्याला जास्त जागा लागते, अपडेटला त्याहून जास्त. मग सी वाढवायची. आयमध्ये जागा मोकळी पडलेली असते, पण ती सगळ्यात शेवटी. विंडोजचं स्वतःचं डिस्क मॅनेजमेंट सी वाढवून देतं ते फक्त तिच्या लगेच उजवीकडे मोकळी जागा असली तरच. तिथे तर डी बसलेली. हे काका फार छान समजावतात. "पंगत वाढून झालीय. पहिल्या पाटावर जावई, आणि त्याला अजून अर्धा पाट जागा हवीय. शेवटच्या पाटाजवळ जागा आहे, पण तिचा जावयाला काय उपयोग? आधी शेवटच्याने ताट उचलून सरकायचं, मग त्याच्या अलीकडच्याने, मग त्याच्या अलीकडच्याने. आणि सरकताना कोणाची आमटी सांडायची नाही." ही आमटी न सांडण्याची विद्या म्हणजेच पार्टिशन सॉफ्टवेअर.

आता प्रत्यक्ष सरकवण्याचा सोहळा. ही सॉफ्टवेअरं तुमचं काही लगेच ऐकत नाहीत. आय आक्रसा, एच सरकवा, जी सरकवा, असं करत सी वाढवा, सगळ्याची नुसती यादी करून ठेवतात. 'अप्लाय' दाबेपर्यंत डिस्कला धक्काही लागलेला नसतो. काका ती यादी वहीत उतरवतात. मग सगळ्याचा बॅकअप. मग आंघोळ. यूपीएस तपासून होतो. भारनियमनाच्या काळात वर्तमानपत्रातलं वेळापत्रक कापून मॉनिटरला चिकटवलेलं असायचं, कारण डी अर्धी सरकलेली असताना वीज गेली की डीच्या जागी 'रॉ' अशी तीन इंग्रजी अक्षरं दिसतात आणि आतलं काहीही उघडत नाही. घरातले गीझर, मिक्सर, इस्त्री बंद. मोलकरणीला त्या खोलीत पोछा मारायची बंदी. मग काका खुर्चीत ताठ बसतात आणि उजव्या हाताच्या तर्जनीने अप्लाय दाबतात. पट्टी सुरू होते. अकरा टक्क्यांपर्यंत भरभर. चाळीसला रेंगाळते. नव्व्याण्णवला पोचते आणि तिथे बसते. बाहेर दुपारची संध्याकाळ होते. काकू चहा आणतात आणि पडद्याकडे बघून म्हणतात, "अजून एक टक्का?" काका तोंड उघडत नाहीत, फक्त कपाची बशी लांब ठेवतात, धक्का लागायला नको म्हणून.

त्यांच्या आयुष्यातला काळा कालखंड म्हणजे व्हिस्टा. जानेवारी २००७मध्ये व्हिस्टा बाजारात आली आणि पार्टिशन मॅजिक तिच्यावर चालेना. ते बनवणारी पॉवरक्वेस्ट ही कंपनी सिमँटेकने २००३मध्येच घेतली होती आणि व्हिस्टासाठी नवी आवृत्ती काढायची तसदी कोणी घेतली नाही. त्यात व्हिस्टाने डिस्कची मांडणीच बदलली. एक्सपीपर्यंत पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं. व्हिस्टा ते २०४८व्यापासून सुरू करू लागली, म्हणजे बरोबर एक एमबी सोडून. जुन्या सॉफ्टवेअरांना ही मांडणी चूक वाटायची आणि ती मोठ्या अदबीने विचारायची, "दुरुस्त करू का?" हो म्हणणाऱ्याच्या पार्टिशनांचं पुढे काही खरं नसायचं. काकांनी तडजोड म्हणून एकाच डिस्कवर एक्सपी आणि व्हिस्टा दोन्ही ठेवल्या. तेव्हा असं दिसलं, की एक्सपी सुरू केली की ती व्हिस्टाचे सगळे रिस्टोर पॉइंट मुकाट्याने पुसून टाकते. हा काही काकांच्याच घरचा प्रकार नव्हता. मायक्रोसॉफ्टनेही तो कागदोपत्री मान्य केलेला आहे. काकांनी व्हिस्टा काढून टाकली. आजही कोणी त्यांच्यासमोर "व्हिस्टा दिसायला छान होती" म्हटलं की ते विषय बदलून पाणीकपातीवर येतात.

काकांकडे एक कथा आहे. ती प्रत्येकाला एकदा ऐकावी लागते. मला ती पुन्हा पुन्हा ऐकायला आवडते. १९९८ साल. अमेरिकेत पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २'चं काम चाललेलं. कोणीतरी चुकीच्या जागी फाइली पुसण्याचा आदेश दिला आणि लोकांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरून वुडीची टोपी गेली, मग बूट गेले, मग वुडीच गेला. "बॅकअप होता!" काका इथे थांबतात. "होता. पण महिनाभर तो नीट होतच नव्हता आणि कोणी रिस्टोर करून पाहिला नव्हता!" इथे ते तुमच्याकडे असे बघतात, जणू तो आदेश तुम्हीच दिला होता. पुढे गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेला आठवलं, की बाळंतपणानंतर ती घरून काम करत असल्यामुळे तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत आहे. तो कॉम्प्युटर ब्लँकेटांत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून ऑफिसात आणला. ब्लँकेट या शब्दाशी काकांचा आवाज भरून येतो. मला वाटतं, त्यांना रुमालात गुंडाळलेली टेप आठवत असावी.

जग एकदा तरी काकांच्या दारात आलं. म्हणजे खरं तर काकाच जगाच्या दारात गेले. ९ जानेवारी २०२४ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०साठी एक सुरक्षा अपडेट काढलं आणि असंख्य घरांत ते बसेना. एरर यायचा: शून्य एक्स आठ शून्य शून्य सात शून्य सहा चार तीन. काका तो एका दमात म्हणतात. कारण असं, की विंडोज आपल्या दुरुस्तीच्या सामानासाठी डिस्कवर एक छोटं, न दिसणारं रिकव्हरी पार्टिशन ठेवतं आणि या अपडेटला त्यात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. बऱ्याच डिस्कवर ती नव्हती. आणि मायक्रोसॉफ्टने काय सांगावं? पार्टिशन तुमचं तुम्ही मोठं करा! कमांड लिहून दिल्या. मुख्य पार्टिशन थोडं आक्रसा, रिकव्हरी उडवा, पुन्हा मोठं पाडा. ज्या विद्येची घरचे टवाळी करायचे, ती आता अधिकृत सूचना म्हणून सगळ्या दुनियेला पाठवली गेली होती.

काका लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह घेऊन ए विंगपासून निघाले. "तुमचं अपडेट फेल होतंय का?" "काय माहीत बुवा." "बघू." बघितलं की फेल झालेलंच असायचं आणि काकांचा चेहरा खुलायचा. घरोघर पोहे आणि चहा झाला. कुणाकडून त्यांनी पैसा घेतला नाही. ज्यांच्याकडे ते पोचू शकले नाहीत त्यांचंही काही बिघडलं नाही. त्यांचे कॉम्प्युटर तो एरर दाखवत जसे चालले होते तसे चालत राहिले. हे मी काकांना कधी सांगितलेलं नाही, आणि वाचकांनीही सांगू नये.

त्यांची खरी कसोटी लागली ती पार्किंगवरून. सोसायटीतल्या दोन सभासदांत कोपऱ्यातल्या झाकलेल्या जागेवरून जुंपली. दोघंही म्हणत, २००७च्या वार्षिक सभेत ती जागा मलाच दिली होती. इतिवृत्ताची वही पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा लगदा झालेली. तेव्हाचे सेक्रेटरी कोण? काका. म्हणजे बॅकअप आहेच.

होताच. पण तो घेतलेला एक्सपीतल्या एनटीबॅकअप नावाच्या सोयीने. ती सोय व्हिस्टापासून विंडोजने काढून टाकली. तिच्या जुन्या फाइली उघडायला व्हिस्टासाठी एक वेगळं साधन दिलं, विंडोज ७साठी दुसरं दिलं, आणि पुढे हात झटकले. हे काकांना ठाऊक होतं, म्हणूनच पलंगाखाली चादरीत एक अख्खा एक्सपीचा कॉम्प्युटर ठेवलेला होता. फाइल आहे, ती उघडणारं सॉफ्टवेअर आहे, ते चालवणारं विंडोज आहे आणि ते विंडोज चालवणारं यंत्रही आहे. साखळी पूर्ण.

चेअरमन, खजिनदार, दोन्ही वादी आणि आम्ही बघे असे सगळे बेडरूममध्ये जमलो. बटण दाबल्यावर आतून जुन्या फ्लॉपी ड्राइव्हचा करकर आवाज आला आणि पडद्यावर तारीख उमटली १ जानेवारी २००२. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती. काकांनी एफ-वन दाबलं, तारीख दुरुस्त केली. हिरवी टेकडी, निळं आभाळ आलं. बघ्यांतून कौतुकाचा एक सुस्कारा. एनटीबॅकअप उघडलं, फाइल सापडली, रिस्टोर झाली, वर्डमध्ये उघडली, आणि आत इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि उद्गारचिन्हांचा सडा. एक वादी म्हणाला, "व्हायरस!" काका म्हणाले, "शिवाजी." तेव्हाचं मराठी टायपिंग शिवाजी फॉन्टमध्ये केलेलं, फॉन्ट नसला की मराठी मजकूर असाच दिसायचा. काकांनी शांतपणे 'फॉन्ट' लिहिलेली सीडी काढली. दोन मिनिटांत पडद्यावर शुद्ध मराठी: 'विषय क्र. ७, पार्किंग. सदर विषयावर सखोल चर्चा झाली व वेळेअभावी सदर विषय पुढील सभेत घेण्याचे सर्वानुमते ठरले.' सूचक आणि अनुमोदक म्हणून त्याच दोन वाद्यांची नावं होती.

खोलीत कोणी बोलेना. काका मात्र खुर्चीतून उठून हात चोळत होते. "एकही फाइल करप्ट नाही," ते म्हणाले. "एकही!"

मग विंडोज ११ आलं. काकांनी ते चार वर्षं पुढे ढकललं, कारण त्याच्या अटी कडक. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, सिक्युअर बूट हवं आणि त्यासाठी डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची न चालता नव्या जीपीटी पद्धतीची हवी. चिप होती, ती चालू केली. डिस्क बदलण्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाची सोय आहे, आतला डेटा न पुसता काम करते. काकांनी आंघोळ केली, गीझर बंद केला, कमांड दिली. उत्तर आलं, की या डिस्कची मांडणी आम्हाला मंजूर नाही. ही सोय डिस्क तपासते तेव्हा मुख्य पार्टिशनं तीनपेक्षा जास्त नकोत आणि एक्स्टेंडेड तर अजिबात नको, असा तिचा नियम आहे. काकांच्या डिस्कवर एक्स्टेंडेडच्या पोटात डीपासून आयपर्यंत सगळी अक्षरं वर्षानुवर्षं सुखाने नांदत होती. गल्लीतल्या ज्या पोराने आयुष्यात पार्टिशन पाडलं नाही त्याचा कॉम्प्युटर तपासणीत पास, आणि काकांचा नापास.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपणार होता. आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळवायची एक फुकट वाट कंपनीने ठेवली होती. अट एकच, विंडोज बॅकअप चालू करून सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर पाठवायच्या. काकांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे," ते मला म्हणाले, "हे लोक मला सांगतायत, की बॅकअप घ्या?" त्यातून क्लाउडवर फुकट जागा पाच जीबी. एकट्या कुमारांना पुरणार नाही. बरं, याच लोकांच्या विंडोज ११च्या कंट्रोल पॅनेलमध्ये आजही 'बॅकअप अँड रिस्टोर' म्हणून जी सोय आहे, तिच्यापुढे कंसात 'विंडोज ७' लिहिलेलं आहे. "नाव बदलायलासुद्धा कोणी फिरकलं नाही," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात मला मायक्रोसॉफ्टबद्दल माया जाणवली.

शेवटी बंगळुरूच्या मुलाने वसुबारसेच्या आधी नवा लॅपटॉप धाडला. विंडोज ११, एकच सी ड्राइव्ह, दुसरं अक्षर नाही. काका त्या एकुलत्या सीकडे बराच वेळ बघत बसले. वर ती जन्मतःच बिटलॉकरने कुलूपबंद. म्हणजे कपाटातली एकही सीडी तिला ओळखत नाही, आणि ओळख पटवायची वेळ आलीच तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागते. ती मुलाच्या सांगण्यानुसार ऑनलाइन खात्यात जपलेली आहे. "ती एक प्रत झाली," काका म्हणाले. दुसरी प्रत त्यांनी कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवली. तिसरी अशा वस्तूत हवी होती, जी या घरातून कधीही हरवत नाही, कोणी टाकत नाही आणि दरवर्षी निदान एकदा उघडली जातेच.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला. पदार्थांची वही समोर, परातीत तांदूळ, चणाडाळ आणि उडीदडाळ.

"अहो, चकलीच्या भाजणीखाली हे तुमच्या अक्षरात चार लाख ब्याऐंशी हजार एकशे आठ कसलं प्रमाण लिहिलंय? वाटीचं की किलोचं?"

"हात लावू नकोस!" आतून काका ओरडले. "आणि तेलाचे हात तर मुळीच नकोत!"